वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षण आणि फ्रेंच भाषा : डॉ. रखमाबाई राऊत यांच्या ब्रुसेल्स पदवीच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

परदेशी निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेऊ इच्छिणारा विद्यार्थी आज अर्ज भरताना एका रकान्यापाशी थबकतो. तो रकाना भाषांचा असतो. अमेरिकेतील निवासी पदांसाठीच्या सामाईक अर्जात उमेदवाराला कोणकोणत्या भाषा येतात आणि त्या कोणत्या पातळीपर्यंत येतात, याची नोंद करावी लागते. इंग्रजी, मराठी, हिंदी ही नावे लिहून झाल्यावर आणखी एखादे नाव लिहिता आले तर बरे, असे विद्यार्थ्यास वाटते आणि ते नाव बहुधा फ्रेंचचे असते. मुंबई परिसरात फ्रेंच ही कनिष्ठ महाविद्यालयातील दुसरी भाषा म्हणून पूर्वापार घेतली जाते. ती घेण्यामागे भाषेच्या आवडीपेक्षा गुणांचा हिशेब अधिक असतो, हे अध्यापकवर्गास ठाऊकच आहे. बारावीनंतर ती विस्मरणात जाते आणि एम.बी.बी.एस.च्या अखेरीस पुन्हा आठवते.

उलवे, नेरूळ, कामोठे या परिसरातील अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. उलवे हे पनवेल तालुक्यातील आगरी-कोळी वस्तीचे गाव सिडकोच्या नियोजनातून नगर झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून ते खाडीपलीकडच्या शिवडी-परळशी थेट जोडले गेले आहे. नवी मुंबईत वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि परळला मुंबईच्या वैद्यकविद्येचे जुने केंद्र आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या पालकांकडून व विद्यार्थ्यांकडून फ्रेंचच्या उपयुक्ततेविषयी विचारणा होत असते. प्रस्तुत लेखात तिचे उत्तर इतिहासाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. परभाषेच्या बळावर वैद्यकीय पदवी मिळविण्याची वाट मुंबईच्या काही डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच चोखाळली होती. त्यांत सर्वांत बोलके उदाहरण डॉ. रखमाबाई राऊत यांचे आहे.

मराठीतून वैद्यक : सखाराम अर्जुन

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. त्याचे माध्यम आरंभापासून इंग्रजी होते. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. तथापि इंग्रजी जाणणारे मोजके डॉक्टर एवढ्या मोठ्या इलाख्याला पुरणारे नव्हते. म्हणून १८६१ मध्ये याच महाविद्यालयात मराठी व गुजराती माध्यमाचे देशी भाषांतील वर्ग उघडण्यात आले. या वर्गांतून तयार होणारे विद्यार्थी दुय्यम दर्जाच्या सेवेत जात. पदवीधर डॉक्टर आणि देशी भाषेत शिकलेला रुग्णालय-साहाय्यक यांच्यातील अंतर केवळ ज्ञानाचे नव्हते, वेतनाचे व प्रतिष्ठेचेही होते. वैद्यकविद्येत भाषेनुसार दर्जा ठरण्याची ही आपल्याकडील सुरुवात म्हणावी लागेल.

या व्यवस्थेत दोन्ही बाजूंना वावरलेले गृहस्थ म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन राऊत. ते ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकले, तेथेच वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक होते. त्या आठांत भारतीय दोनच होते, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकावर मराठीत ग्रंथरचनाही केली. शरीर, प्रसूती, विवाह यांविषयीचे शास्त्रीय ज्ञान मराठीत सांगता येते, ही त्यांची धारणा होती. रखमाबाई या त्यांच्या पत्नी जयंतीबाई यांच्या पहिल्या विवाहापासून झालेल्या कन्या. ज्या घरात वैद्यकाचे मराठी ग्रंथ लिहिले गेले, त्या घरातील मुलीला डॉक्टर होण्यासाठी आधी इंग्रजी आणि नंतर फ्रेंच विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला.

रखमाबाईंची वाट

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. पुढे त्या पतीकडे नांदावयास गेल्या नाहीत, म्हणून १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीस आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा निर्णय दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या खटल्याचा कायदेविषयक व सामाजिक अभ्यास पुष्कळ झालेला आहे. त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाची चिकित्सा मात्र तुलनेने कमी झाली आहे. चरित्रपर लेखनातही खटल्याची पाने अधिक आणि ब्रुसेल्सची ओळ एक, असा प्रकार आढळतो.

रखमाबाईंचे शिक्षण रीतसर शाळेत फारसे झाले नव्हते. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच इंग्रजीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. त्यांना या मार्गाकडे वळविणाऱ्या व्यक्तींत मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांचा वाटा मोठा होता.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लंडनमध्ये स्त्रियांना एम.डी. पदवी वर्ज्य होती म्हणून रखमाबाई ब्रुसेल्सला गेल्या, असे विधान वारंवार केले जाते. वस्तुतः लंडन विद्यापीठाने १८७८ मध्येच आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या होत्या. अडचण निराळी होती. त्या विद्यापीठाच्या पदवीकडे जाण्यासाठी प्रथम मॅट्रिक व्हावे लागे आणि त्या परीक्षेत लॅटिन आवश्यक असे. मुंबईत घरी शिकलेल्या, पंचविशीत परदेशी आलेल्या स्त्रीला हा मार्ग किती लांबचा होता, हे सांगावयास नको. त्यामुळे रखमाबाईंनी एडिनबरो व ग्लासगो येथील वैद्यकीय महाविद्यालयांची संयुक्त अर्हता घेतली. ही परीक्षा स्त्रियांना १८८६ पासून खुली झाली होती. या अर्हतेमुळे ब्रिटिश वैद्यकीय नोंदवहीत नाव लागत असे, पण नावापुढे एम.डी. लागत नसे. ते लागावे म्हणून ब्रुसेल्स. त्यांच्यापुढील अडसर स्त्रीत्वाचा जेवढा होता तेवढाच लॅटिनचा, म्हणजे भाषेचाच होता, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे.

ब्रुसेल्सच्या पदवीचा अर्थ

ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठाची एम.डी. त्या काळी ब्रिटिश डॉक्टरांमध्ये परिचित होती. आधीच नोंदणीकृत असलेल्या वैद्यकास तेथे दीर्घकाळ वास्तव्य न करता परीक्षा देता येत असे. विद्यापीठाची भाषा फ्रेंच होती, मात्र फ्रेंच न जाणणाऱ्या परदेशी उमेदवाराला दुभाष्याच्या साहाय्याने परीक्षा देण्याची मुभा होती. म्हणून ब्रुसेल्सची पदवी आहे एवढ्यावरून रखमाबाईंना फ्रेंच अस्खलित येत होती, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. पुढे हेच विद्यापीठ भाषेच्या प्रश्नावरून १९६९ मध्ये फ्रेंच व डच अशा दोन स्वतंत्र विद्यापीठांत विभागले गेले. रखमाबाईंच्या वेळी परक्यांना दुभाषी देणाऱ्या विद्यापीठाला आपल्याच देशातील दोन भाषा एका छपराखाली ठेवता आल्या नाहीत.

रखमाबाईंच्या दोन मार्गदर्शक स्त्रियांची उदाहरणे याच संदर्भात पाहण्याजोगी आहेत. लंडनच्या त्या विद्यालयाच्या अधिष्ठात्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी १८७० मध्ये पॅरिस विद्यापीठाची एम.डी. मिळविली होती. त्यासाठी त्यांनी फ्रेंचचा कसून अभ्यास केला, परीक्षा फ्रेंचमध्ये दिल्या आणि अर्धशिशीवरील प्रबंधही फ्रेंचमध्येच सादर केला. एडिथ पीची यांना एडिनबरोने पदवी नाकारली, तेव्हा त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १८७७ च्या आरंभी जर्मन भाषेतून परीक्षा देऊन एम.डी. संपादन केली. म्हणजे कामा रुग्णालयाच्या उभारणीच्या काळात मुंबईत आलेल्या या बाईंची पदवी परभाषेतून कमावलेली होती.

परंतु येथेच एक महत्त्वाचा तपशील ध्यानात घ्यावा लागतो. १८५८ च्या ब्रिटिश वैद्यकीय कायद्यानुसार परदेशी विद्यापीठाच्या एम.डी.वर इंग्लंडमध्ये नव्याने नोंदणी होत नसे. गॅरेट अँडरसन यांची नोंदणी पॅरिसमुळे झालेली नव्हती. ती औषधविक्रेत्यांच्या मंडळाच्या १८६५ मधील परीक्षेमुळे आधीच झालेली होती. पीची यांना बर्नहून परतल्यावर डब्लिन येथे इंग्रजीतून पुन्हा परीक्षा द्यावी लागली, तेव्हा परवाना मिळाला. रखमाबाईंचा परवाना स्कॉटलंडचा होता, पदवी ब्रुसेल्सची. तिघींच्याही बाबतीत परभाषेने पदवीचे दार उघडले, व्यवसायाचा परवाना मात्र जेथे व्यवसाय करावयाचा तेथील सत्तेच्या भाषेतूनच मिळाला. आजच्या अर्जदाराने ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी, कारण फ्रेंचचे प्रमाणपत्र आणि फ्रेंच भाषिक प्रदेशातील परवाना यांची गल्लत अद्यापही होते.

१८९५ च्या सुमारास रखमाबाई सुरतेस रुजू झाल्या. तेथे आणि नंतर राजकोट येथे त्यांनी जवळजवळ पस्तीस वर्षे स्त्रीरुग्णालयांत काम केले. प्लेगच्या साथीतील कार्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. या दोन्ही ठिकाणच्या रुग्णस्त्रिया गुजराती बोलणाऱ्या होत्या. मुंबईत वाढलेल्या मराठी स्त्रीला तेथे कोणती भाषा कामी आली असेल, हे उघड आहे.

गोमंतक आणि प्लेगची मुंबई

फ्रेंचचा दुसरा, अधिक शांत प्रवेश आपल्याकडे गोव्यामार्गे झाला. पणजीची वैद्यकीय-शस्त्रक्रिया शाळा १८४२ मध्ये स्थापन झाली. तेथील माध्यम पोर्तुगीज होते, परंतु पोर्तुगीज वैद्यकाचे पोषणच मुळी फ्रेंच ग्रंथांवर झालेले होते आणि पणजीच्या लिसेव या सरकारी विद्यालयात फ्रेंच शिकविली जात असे. त्यामुळे गोव्याचा शिकलेला डॉक्टर फ्रेंच बोलत नसला तरी वाचू शकत असे. मुंबईत व्यवसाय करावयाचा तर मात्र त्याला इंग्रजीकडेच वळावे लागे. जुझे जेर्सन द कुन्हा आणि अकासियु गाब्रिएल व्हिएगस हे दोघेही मूळचे बार्देशातील हडफडे गावचे. दोघांनीही मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील ताप हा ग्रंथिक सन्निपात म्हणजेच प्लेग आहे, हे ओळखणारे डॉक्टर हेच व्हिएगस.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मुंबईत प्लेगसंशोधनासाठी जी माणसे जमली त्यांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेशी संबंधित तिघे होते. ओडेसा येथे जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी पॅरिसला पाश्चर संस्थेत काम केलेले होते. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. प्लेगच्या जंतूचा १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोध लावणारे अलेक्झांडर येर्सिन १८९७ मध्ये मुंबईस आले. त्यांच्यामागून पॉल-लुई सिमाँ आले. उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगातून दाखविले आणि त्याच वर्षी फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केले. ब्रिटिश वर्तुळात हे मत अनेक वर्षे मान्य झाले नाही. परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि नंतरच्या प्लेग आयोगाने केलेल्या कामानंतर ते प्रस्थापित झाले. या विलंबाचे खापर केवळ भाषेवर फोडणे योग्य नव्हे. प्रयोगपद्धतीविषयीचे आक्षेप आणि राष्ट्राराष्ट्रांतील चुरस ही कारणेही होती. तरीही मुंबईच्या चाळींतील मृत्यूंविषयीचा एक निर्णायक लेख मुंबईतील बहुसंख्य डॉक्टरांना न वाचता येणाऱ्या भाषेत छापलेला होता, हे वास्तव उरतेच.

वाचनाची ही उपयुक्तता आता जवळजवळ संपली आहे. वैद्यकीय संशोधनाची भाषा इंग्रजी झाली आहे. फ्रेंचचे अवशेष रुग्णकक्षातील शब्दांत तेवढे राहिले आहेत. डिब्राइडमेंट, क्युरेटाज, ट्रायाज, ग्रँड माल हे शब्द उच्चारणाऱ्या आपल्या निवासी डॉक्टरांना आपण दिवसभर फ्रेंच बोलतो याची कल्पनाही नसते.

कोटणीस ते माँट्रियल

अर्ज करतानाची भाषा आणि रुग्णापाशी लागणारी भाषा यांतील फरक एका मराठी डॉक्टरच्या जीवनात स्पष्ट दिसतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत असताना १९३८ मध्ये ते काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात सामील झाले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. निघताना कोणाच्या अर्जात चिनी भाषेचा रकाना नव्हता. कोटणीसांनी ती तेथे जाऊन, जखमी सैनिकांच्या सहवासात आत्मसात केली, आणि ती इतकी की ते चिनी भाषेतून शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे. चीनला जाण्यापूर्वी ते माँट्रियलच्या साक्रे-कर या फ्रेंच भाषिक कॅथलिक रुग्णालयात छातीच्या शस्त्रक्रियेचे प्रमुख होते. माँट्रियलमधील इंग्रजी व फ्रेंच रुग्णालयांची ही दुहेरी व्यवस्था आजच्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे, कारण निवासी प्रशिक्षणाच्या संदर्भात फ्रेंचला जगात जर कोठे कायद्याचे बळ असेल तर ते कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आहे. १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेतील पस्तिसाव्या कलमानुसार व्यवसायाला आवश्यक इतके फ्रेंच ज्ञान असल्याशिवाय तेथील व्यावसायिक मंडळ कायम परवाना देऊ शकत नाही. लाव्हाल, माँट्रियल आणि शेरब्रूक या विद्यापीठांतील वैद्यकीय शिक्षण फ्रेंचमध्ये चालते. मॅकगिल इंग्रजी असले तरी तेथील प्रशिक्षणार्थीच्या रुग्णांपैकी अनेक जण फ्रेंच बोलणारेच असतात. येथे फ्रेंच हे अर्जाचे भूषण राहत नाही, ती अट होते.

क्वेबेकबाहेर परिस्थिती वेगळी आहे. ओंटारियोतील ओटावा शहरातील माँफोर रुग्णालय १९९७ मध्ये बंद करण्याचा घाट घालण्यात आला. त्या प्रांतात फ्रेंचमधून डॉक्टर घडविणारे दुसरे रुग्णालय नाही, हा मुद्दा तेथील फ्रेंच भाषिकांनी न्यायालयात नेला आणि डिसेंबर २००१ मध्ये अपिलीय न्यायालयाने रुग्णालयाच्या बाजूने निकाल दिला. अल्पसंख्य भाषेचे अस्तित्व रुग्णालयातील प्रशिक्षणाशी किती जखडलेले असते, याचा हा दाखला भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य वाचावा. अशा ठिकाणी फ्रेंच येणारा उमेदवार खरोखरच उपयोगी ठरतो.

अमेरिकेत परदेशी पदवीधराला इंग्रजीच सिद्ध करावी लागते. १९५० च्या दशकात परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा सुरू झाली तेव्हापासून इंग्रजीची कोणती ना कोणती चाचणी तीत आहे आणि अलीकडे त्यासाठी आरोग्यव्यवसायासाठीची ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट लागू झाली आहे. फ्रेंच तेथे कोठेही अनिवार्य नाही. पश्चिम आफ्रिकेतून आलेले स्थलांतरित अथवा हैतीचे लोक ज्या शहरांत मोठ्या संख्येने आहेत, तेथे तिचा काहीसा उपयोग होतो. तोही मर्यादितच, कारण हैतीतील सामान्य माणूस फ्रेंच नव्हे तर क्रेयोल बोलतो आणि सेनेगलहून आलेल्या आजीबाई वोलोफ बोलतात. एकूण अमेरिकेत दुसरी भाषा म्हणून स्पॅनिशचे मोल कितीतरी अधिक आहे. विद्यार्थ्याने अर्जात फ्रेंचपुढे वरची पातळी नोंदविली आणि मुलाखत घेणारा प्राध्यापक सहज त्या भाषेत बोलू लागला, तर बारावीच्या गुणपत्रिकेवरील नव्वद गुण तेथे तारत नाहीत. शिफारसपत्र लिहिणाऱ्या अध्यापकांनीही याबाबत हात राखून लिहावे. जेथे भाषा अट नाही तेथे अर्धवट फ्रेंचपेक्षा उत्तम रुग्णकक्ष अनुभव केव्हाही श्रेष्ठ आहे. क्वेबेक, फ्रान्स किंवा बेल्जियमचा फ्रेंच प्रदेश हेच ध्येय असेल, तर मात्र वर्ष-दोन वर्षे निष्ठेने अभ्यास करावा लागेल. सीमापार वैद्यकीय सेवा देणाऱ्या आणि १९७१ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या संस्थेत काम करू इच्छिणाऱ्यांसही आफ्रिकेतील प्रकल्पांसाठी फ्रेंच मोलाची ठरते.

आपल्या रुग्णकक्षातील भाषा

या विवेचनाची दुसरी बाजू आपल्या दाराशीच आहे. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या फ्रेंचविषयी आपण जेवढा विचार करतो, तेवढा येथे येणाऱ्या निवासी डॉक्टरच्या मराठीविषयी करतो काय? २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात पायाभूत पाठ्यक्रमाचा भाग म्हणून स्थानिक भाषेच्या अध्यापनाची तरतूद झाली. ती स्वागतार्ह आहे. परंतु ती पदवीच्या सुरुवातीच्या काळापुरती आहे. अखिल भारतीय कोट्यातून पदव्युत्तर शिक्षणासाठी अन्य राज्यांतून येणारा डॉक्टर पहिल्या दिवसापासून रात्रपाळीला उभा राहतो. ‘पोटात कळ येते’, ‘उमळून येते’, ‘अंगावरून जाते’ यांतील भेद त्याला परिचारिका किंवा रुग्णाचा नातेवाईक समजावून सांगतो. दुभाष्याची नेमणूक नाही आणि दुभाष्याचे वेतनही नाही. १८९० च्या दशकात ब्रुसेल्सच्या परीक्षागृहात उमेदवारास मिळत असलेली ही सोय २०२० च्या दशकात आपल्या रुग्णांस सार्वत्रिक रीतीने उपलब्ध नाही.

उलवे, गव्हाण, न्हावा, उरण या पट्ट्यातील वयस्क आगरी व कोळी स्त्रिया जी बोली बोलतात, ती पुण्याकडून आलेल्या मराठी डॉक्टरलाही चटकन उमगत नाही. सखाराम अर्जुन यांच्या काळी देशी भाषेत शिकलेल्या साहाय्यकाला दर्जा कमी होता, परंतु रुग्णाचे बोलणे त्याला कळत होते. आज निवासी पदासाठीची निवड नीट-पीजीतील गुणांवर होते आणि त्या प्रक्रियेत उमेदवाराला कोणती भाषा येते हे विचारणारा रकाना नाही.